उपनगराच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवताय? हॉल सगळ्यात शेवटी बुक करा

मुंबईच्या उपनगरांत दर वर्षी कुठली तरी सोसायटी, शाळा किंवा मंडळ पन्नाशी-पंच्याहत्तरी गाठतं आणि ‘आपल्या भागाच्या इतिहासाचं प्रदर्शन करूया’ असा ठराव होतो. पहिल्याच बैठकीत हॉलची तारीख ठरते. दुसऱ्या बैठकीत पाहुणे ठरतात. मग महिनाभर आधी ग्रुपवर संदेश पडतो, ‘ज्यांच्याकडे जुने फोटो असतील त्यांनी पाठवावेत.’ चाळीसेक धूसर फोटो येतात. त्यातले दहा नेटवरून उतरवलेले स्टेशनचे असतात आणि उरलेल्या तिसात कोण आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मी अशा तीन प्रदर्शनांत राबलो आहे आणि पहिल्या खेपेला नेमकं हेच केलं होतं.

काम उलट्या क्रमाने सुरू होतं, तिथेच चूक आहे. आधी माणसं, मग कागद, मग फोटो आणि सगळ्यात शेवटी हॉल, असा क्रम हवा. सगळं धरून सहा-सात महिने लागतात. जानेवारीत प्रदर्शन हवं असेल तर जूनमध्ये बसा.

टप्पा १ : हद्द आखा, यादी करा

अख्खं अंधेरी किंवा अख्खं मुलुंड घेऊ नका. स्टेशन रोडपासून नाल्यापर्यंत, किंवा दोन गल्ल्या आणि मधलं मार्केट एवढंच घ्या. मग एखादा प्रश्न ठरवा. ‘आमच्या भागाचा इतिहास’ हा काही प्रश्न झाला नाही. ‘नळ यायच्या आधी पाणी कुठून यायचं?’, ‘१९६० ते १९९० या काळात इथली माणसं कामाला कुठे आणि कशी जायची?’ असं काहीतरी हवं. प्रश्न नेमका असला की कुणाला भेटायचं तेही आपोआप कळतं.

आता यादी. एक मोठा कागद घ्या आणि भागात राहिलेल्या, राबलेल्या सगळ्या थरांचे रकाने पाडा : गावठाण किंवा कोळीवाडा, सुरुवातीचे बंगलेवाले, सहकारी सोसायट्या, चाळी, रेल्वे क्वार्टर्स, कारखान्याच्या वसाहती, झोपडपट्टी, मंडईतले विक्रेते, तबेलेवाले, शाळेचे शिपाई, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बायका. प्रत्येक रकान्यात निदान दोन नावं हवीत. बहुतेक समित्यांचा सोसायट्यांचा रकाना दहा मिनिटांत भरतो आणि बाकीचे कोरे राहतात. कोरे रकाने भरायला पुढचे दोन आठवडे द्या, कारण तिथे कुणाच्या तरी ओळखीनेच जावं लागतं.

*तपासा :* यादीतली निदान एक तृतीयांश माणसं समितीतल्या कुणाच्याच ओळखीची नसावीत. सगळी ओळखीचीच निघाली, तर तुम्ही स्नेहसंमेलन भरवताय.

टप्पा २ : कागद शोधा, पण योग्य जिल्ह्यात

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुंबईचं जुनं गॅझेटियर (सरकारने काढलेला माहितीग्रंथ) उघडायचं, त्यात पार्ले, भांडुप, बोरिवली शोधायचं आणि काही सापडलं नाही म्हणून सोडून द्यायचं. १९०९–१०चं ते गॅझेटियर मुंबई शहर आणि बेटाचं आहे. माहीम-शीवच्या पलीकडची गावं साष्टीत, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होती. म्हणून १८८२चे ठाण्याचे खंड बघा, आणि गावांच्या नोंदींसाठी त्यातला १४वा.

पुढच्या कागदांनाही हाच नियम लावा. १९२०मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. महापालिकेची हद्द १९५०मध्ये आणि पुन्हा १९५७मध्ये उपनगरांत सरकली. १९९०मध्ये उपनगर जिल्ह्याला पुन्हा स्वतंत्र अस्तित्व मिळालं. कागद कोणत्या सालचा हवा आहे ते आधी ठरवा, मग कुठलं दार ठोठवायचं ते बघा. १९१०च्या जमिनीच्या नोंदीसाठी वॉर्ड ऑफिसात उभं राहणं म्हणजे एक सकाळ वाया.

जवळचे कागद तर विसरूच नका. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पहिलं इतिवृत्त पुस्तक, नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक, शाळेचे वार्षिक अंक. आणि माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या स्मरणिका. लेख वाचू नका, जाहिराती वाचा. शिंपी, छत्री दुरुस्ती, पिठाची गिरणी, रेडिओ लायसनची कामं करून देणारा, टायपिंग क्लास, सगळा बाजार पत्त्यांसकट तिथे बसलेला असतो.

*सावधान :* इतिवृत्तांत थकबाकीदारांची आणि भांडणांची नावं असतात, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात आणि जन्मतारीख असते. वाचा, पण ती पानं भिंतीवर लावू नका.

टप्पा ३ : मुलाखती

पावसाळ्यात अल्बम उघडायचे नाहीत (कारण पुढे येईल), पण माणसं घरी सापडतात. म्हणून जुलै ते सप्टेंबर मुलाखतींना ठेवा.

१. पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. चहा घ्या, काय करताय ते सांगा, पुन्हा कधी येऊ ते विचारा.

२. दुसऱ्या भेटीला दोघं जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त आवाजाकडे लक्ष द्यायचं आणि नावं टिपायची. एकट्याने गेलात तर गावाचं नाव ‘आडवली’ होतं की ‘आडिवली’, हे घरी आल्यावर कळत नाही.

३. संमतीपत्र समोरच्याच्या भाषेत असावं. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. त्यात तीन वेगळ्या चौकटी ठेवा : रेकॉर्ड करायला हरकत नाही, प्रदर्शनात वापरायला हरकत नाही, इंटरनेटवर टाकायला हरकत नाही. पहिल्या दोन्हींना हो म्हणणारी कितीतरी माणसं तिसरीला नाही म्हणतात. एकच सही घेतलीत तर हा ‘नाही’ तुम्हाला कळतच नाही.

४. जागा आणि वेळ. स्वयंपाकाची वेळ टाळा. कुकरच्या शिट्ट्या पुसता येत नाहीत. पंखा बंद करता येत नसेल तर हळू करा, खिडकीतली कबुतरं हाकला. फोन एअरप्लेन मोडवर टाका, घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवा, बोलणाऱ्यापासून वीतभर-दीड वीत अंतरावर. नुसत्या टेबलावर ठेवलात तर प्रत्येक कपाचा ठोका ऐकू येतो. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोलून घ्या.

५. प्रश्न. ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हणालात की उत्तर ठरलेलं : ‘तेव्हा सगळं छान होतं, माणुसकी होती.’ त्यातून काहीही हाती लागत नाही. हात, पाय आणि घड्याळ यांच्याबद्दल विचारा. एका चाळीतल्या आजींशी आमचं बोलणं असं झालं :

‘आजी, पाणी किती वाजता यायचं?’

‘साडेतीनला.’

‘दुपारी?’

‘पहाटे रे. दुपारी कुठलं पाणी!’

‘मग उठायचं कोण?’

‘मी आणि शेजारची. तिची कळशी माझ्या कळशीच्या पुढे असायची, कारण ती आधी राहायला आली होती.’

नळावरच्या रांगेला चाळीत राहायला येण्याचा क्रम असतो, हे कुठल्याच कागदावर सापडलं नसतं.

६. साल थेट विचारू नका. ‘कुठल्या वर्षी?’ म्हटलं की माणूस गडबडतो किंवा अंदाजाने ठोकून देतो. खुंट्या वापरा : नवे पैसे आले (एप्रिल १९५७) त्याच्या आधी की नंतर? मुंबईतली ट्राम बंद झाली (मार्च १९६४) तेव्हा नोकरीला होतात? कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे (११ डिसेंबर १९६७) याच घरात होतात? ७१च्या युद्धातल्या ब्लॅकआउटला काचांना कागद कुणी लावले? टीव्ही (ऑक्टोबर १९७२) बघायला कुणाकडे जायचात? ७४चा रेल्वे संप, ८२चा गिरणी संप, २६ जुलै २००५चा पूर. दोन खुंट्यांच्या मध्ये आठवण अडकली की साल दोन-तीन वर्षांच्या आत येतं.

७. नवरा-बायकोची मुलाखत एकत्र घेऊ नका. प्रश्न काकूंना विचारला तरी उत्तर काका देतात. एकाने काकांना गॅलरीत न्यावं, दुसऱ्याने स्वयंपाकघरात बसावं. मला मिळालेल्या सगळ्यात चांगल्या अर्ध्या गोष्टी भाजी निवडता निवडता सांगितलेल्या आहेत.

८. तासाभरात थांबा. रंगात आलं असेल तर पुन्हा या.

*सावधान :* दंगली, घरं तुटणं, कुटुंबातले वाद हे विषय समोरच्याने काढले तर ऐका, खोदू नका. तिसऱ्या माणसावर आरोप असेल तर तो भाग नुसता सांभाळून ठेवायचा, दाखवायचा नाही.

*तपासा :* त्याच रात्री एक पानाचा गोषवारा लिहा. कितव्या मिनिटाला कोणता विषय आला, एवढं पुरे. शब्दशः उतरवायला तासाभराच्या बोलण्याला चार-पाच तास जातात. ते काम ‘नंतर करू’ म्हणून साठतं आणि मग डिसेंबरमध्ये वीस फाइलींत काय आहे हे कुणालाच आठवत नाही.

टप्पा ४ : दिवाळीच्या साफसफाईआधी आवाहन, नंतर स्कॅनिंग

मुंबईच्या पावसाळ्यात अल्बम उघडलात तर दमटपणाने फोटो एकमेकांना चिकटतात, बुरशीही धरते. म्हणून ऑक्टोबरची वाट बघा. पण आवाहन मात्र नवरात्रातच करा, कारण माळे रिकामे होतात ते दिवाळीआधी. चिठ्ठी जिन्यात लावा : ‘रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला दाखवा.’ फोटोच मागू नका. रेशनकार्ड, आरेच्या दुधाचं कार्ड, भाडेपावत्या, लग्नपत्रिका, लोकलचे पास, प्रगतिपुस्तकं हेही लिहा. लोकांना वाटतं, ‘आमच्याकडे काही नाही’, आणि पत्र्याच्या डब्यात १९५८च्या भाडेपावत्या निघतात.

अल्बम घरी नेऊ नका. कितीही विश्वासाचं नातं असलं तरी नको. सोसायटीच्या ऑफिसात किंवा वाचनालयात दोन रविवार शिबिर ठेवा. माणूस अल्बम घेऊन येईल, समोर बसेल, स्कॅन होईल, परत घेऊन जाईल. ठेवून घ्यावंच लागलं तर कार्बन लावलेली पावती द्या, वस्तूंची संख्या लिहून.

टेबलावरचा क्रम असा :

१. नोंदवहीत क्रमांक. घर १४ मधला तिसरा फोटो म्हणजे १४-०३. फाइलचं नावही तेच. ‘आजोबा जुना फायनल नवीन’ अशी फाइल नंतर सापडत नाही.

२. आधी गोष्ट लिहा, मग स्कॅन करा. मागची रांग डावीकडून उजवीकडे, मग बसलेली रांग. कुणी काढला, कुठे, कुणाच्या लग्नात. नाव माहीत नसेल तर ‘अनोळखी’ लिहा. अंदाजाने लिहिलेलं चुकीचं नाव पुढे कायमचं चिकटतं.

३. पोस्टकार्डाएवढे किंवा लहान फोटो ६०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे दर इंचातले ठिपके), मोठे ३०० वर. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये ठेवा, वाटायची प्रत जेपीईजीमध्ये.

४. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, अर्धवट पुसलेली तारीख, ‘चि. बाळूस’ असलं काहीतरी तिथेच असतं.

५. फोटोवर लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, मागच्या कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नाही, सेलोटेप तर नाहीच.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम फार येतील. त्यातले फोटो ओढून काढू नका. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सहज उचलला जात असेल तर उचला आणि पान तसंच स्कॅन करा. फोटो पानाला बसला असेल तर बसू द्या. एका घरचा साखरपुड्याचा फोटो मी स्वतः ‘सुटेल हो’ म्हणत ओढला होता. नवरीचा चेहरा पानावरच राहिला.

स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा फोटोशी अगदी समांतर धरून काढा. व्हॉट्सॲपवर मागवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि दोन फुटांच्या छपाईत चेहऱ्यांचे ठोकळे होतात.

कागदावर तारीख नसेल तर पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्याआधी नुसतं ‘मुंबई ५७’ असायचं, आणि तेच ५७ पुढे ४०००५७च्या शेपटीला लागलं. आणे असतील तर कागद बहुधा १९५७च्या आधीचा. लँडलाइनचा आकडा आठ अंकी असेल तर २००२ किंवा नंतरचा. मात्र रंगीत फोटोच्या कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर विसंबू नका. कॅमेऱ्यातली तारीख बरेच जण लावतच नसत.

हक्कांचं थोडक्यात : फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा असतो, पण पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर काढून घेणाऱ्याचा. २०१२च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वर्तमानपत्रातली अलीकडची कात्रणं मोठी करून छापण्याआधी परवानगी मागा.

*तपासा :* प्रत्येक रविवारी रात्री तीन प्रती झाल्या का? दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

टप्पा ५ : पडताळणी आणि कापाकापी

‘पहिला’, ‘सर्वांत जुना’, ‘एकमेव’ हे शब्द कागदी पुराव्याशिवाय भिंतीवर जाऊ देऊ नका. प्रत्येक स्टेशनबाहेर तीन ‘सर्वांत जुनी’ मिठाईची दुकानं असतात आणि तिन्ही मालक उद्घाटनाला येतात. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही शेजारी लावा, कोण काय म्हणतं ते लिहून.

तीनशे फोटो जमले तर चाळीस लावा. एका खोलीत त्याहून जास्त कुणी बघत नाही. निवडताना टप्पा १चा कागद काढा आणि कोणता रकाना भिंतीवर आलाच नाही ते बघा. आमच्या दुसऱ्या प्रदर्शनात सफाई कामगारांच्या मुलाखती चार होत्या आणि फोटो एकही नव्हता, म्हणून ते भिंतीवरून गळाले. त्यांचा आवाज लावता आला असता, वाक्यं मोठ्या अक्षरांत छापता आली असती. फोटो नाही म्हणून माणूस नाही, असं करू नका.

टप्पा ६ : फलक

एका फोटोखाली चाळीस-पन्नास शब्द, त्याहून जास्त नाही. पहिल्या वाक्यात फोटोत दिसणारी गोष्ट हवी. अक्षर एवढं मोठं की सत्तरीतल्या माणसाला हातभर अंतरावरून चष्मा शोधावा लागू नये. चौकटींचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास. फलक मराठीत तर हवेतच, पण ज्यांच्याकडून गोष्ट घेतली त्यांची भाषा गुजराती, कोंकणी, तमीळ, हिंदी असेल तर त्यांच्या फलकावर तीही हवी. मूळ फोटो लावूच नका, छापील प्रतीच लावा, चकाकी नसलेल्या कागदावर.

दोन गोष्टी मात्र जरूर करा. भागाचा मोठा नकाशा लावा, शेजारी टिकल्यांची पाकिटं ठेवा आणि लोकांना आपलं घर, पाडलेली चाळ, बुजवलेली विहीर तिथे टिकली लावायला सांगा. दुसरी, ‘यांना ओळखता का?’ अशी भिंत. सगळे अनोळखी चेहरे तिथे लावा, खाली दोरीला बांधलेली पेन्सिल आणि चिठ्ठ्या. गर्दी इथेच होते.

टप्पा ७ : आता हॉल

नोव्हेंबरच्या शेवटी, फोटो निवडून झाल्यावर बुक करा. जानेवारीतले शनिवार-रविवार बरे. त्यापुढे परीक्षांचा हंगाम लागतो. आदल्या दिवशी संध्याकाळपासून ताबा, पायऱ्यांऐवजी उताराचा मार्ग, जवळ स्वच्छतागृह आणि बसायला खुर्च्या हव्यात, भाषणांसाठी नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी. उद्घाटन वीस मिनिटांत संपवा. शाल-श्रीफळाची यादी वाढू लागली की सत्कार प्रदर्शनाच्या संध्याकाळी नकोत, वेगळा दिवस ठेवा.

फेरफटका काढणार असाल तर दीड तास, वीस-पंचवीस माणसं, हातमाइक नाही. एक रविवार आधी एखाद्या जुन्या रहिवाशाला बरोबर घेऊन तोच रस्ता चालून बघा. गावठाणातून जाताना लोकांच्या अंगणातून जातो आहोत हे लक्षात असू द्या. आधी विचारा, फोटो काढण्याआधी पुन्हा विचारा.

टप्पा ८ : दुसऱ्या दिवशी

चिठ्ठ्या गोळा करून लगेच नोंदवहीत चढवा. पेन्सिल पुसट होते आणि उत्साहही. टिकल्यांसकट नकाशाचा फोटो काढा. महिन्याभरात प्रत्येक घराला त्यांच्या मुलाखतीची आणि फोटोंची प्रत पेनड्राइव्हवर द्या. पूर्ण संच, नोंदवहीच्या झेरॉक्ससह, जवळच्या वाचनालयात किंवा शाळेत एक जबाबदार माणूस नेमून ठेवा. संमतीपत्रांची फाइल त्या संचाबरोबर असू द्या, म्हणजे पाच वर्षांनी कुणी मागितलं तर इंटरनेटवर काय टाकता येतं आणि काय नाही हे बघता येईल. डिस्क वर्षातून एकदा लावून बघायची आठवण त्या माणसाच्या फोनमध्ये तिथेच घाला.

मग पावतीपुस्तक उघडा आणि प्रत्येक पावतीवर ‘परत मिळाले’ची सही आहे का ते पाना-पानाने बघा. आमच्या तिसऱ्या खेपेला ६२ पावत्यांतली एक उघडी राहिली होती. ती कुणाची ते बघून फोन केला, तर त्या बाई म्हणाल्या, ‘राहू दे तुमच्याकडेच. पण तो नळाजवळचा फोटो मोठा करून द्या. माझी कळशी दिसतेय त्यात.’